नोटरीच्या वहीतलं अक्षर

सेल्मिरा ओयार्से राजधानीहून वकिलीची सनद घेऊन लोस पेरालेसला परत आली, तेव्हा गावानं तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की आता हिच्याशी लग्न कोण करणार. दुसरा प्रश्न कोर्टाच्या शिपायानं विचारला. टोपी कुठे टांगणार? वकिलांच्या खोलीत खुंट्या सात होत्या आणि सातही कुणा ना कुणाच्या ठरलेल्या. सेल्मिरानं टोपी मांडीवर घेतली आणि पहिले पंधरा दिवस ती तशीच बसली. सर्वोच्च न्यायालयापुढे उभं राहून शपथ घेतलेली बाई, आणि तिच्या टोपीला गावात एक खुंटी मिळू नये.

साल होतं १८९९. राजधानीत, सांतियागोमध्ये, तिच्या आधी एक-दोघींनी हे दार ढकललेलं होतं, त्यामुळे कायद्यानं तिला अडवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण माणसाला अडवायला कायदाच लागतो असं थोडंच आहे. अशिलं यायची, दाराशी थबकायची आणि आत दुसरे कुणी वकीलसाहेब आहेत का, असं तिलाच विचारायची. गाहार्दो वकील तर मोठ्यानं म्हणायचे, की कोर्टात हल्ली कोथिंबिरीचा वास येतो. ते ऐकून बाकीचे सहा जण हसायचे. हे सातही जण रोज दुपारी सेल्मिराच्या आईच्या हातचंच जेवत, हे हसताना कुणाला आठवत नसे.

तिच्या आईची, ट्रान्सितोबाईची, खानावळ कोर्टाच्या समोरच होती. नवरा माउले नदीत होडी उलटून गेला तेव्हा सेल्मिरा पाच वर्षांची होती. नवव्या वर्षापासून ती पानं वाढायला लागली. न्यायाधीश, कारकून, वकील, नोटरी, सगळे एकाच लांब टेबलाशी बसत. कोंबडीच्या रश्शात मक्याचं कणीस कुणाला द्यायचं आणि कुणाला नुसता बटाटा, हे तिला जसं पाठ झालं, तसे त्यांचे दावेही पाठ झाले. बाराव्या वर्षी तिनं एका कारकुनाला सांगितलं होतं, की तुमची मुदत काल संपली. कारकून हसला. दुसऱ्या दिवशी तो हसत नव्हता.

तिच्या चौदाव्या वर्षी नोटरी बेलिसारियो ओपासो यांची नजर तिच्या अक्षरावर गेली. खानावळीच्या पाटीवर त्या दिवशीचे पदार्थ ती खडूनं लिहायची. ओपासोंनी पाटी बघितली आणि ट्रान्सितोबाईला म्हणाले, पोरीला दुपारची आमच्याकडे पाठवत जा. नोटरीकडे लिहायला माणूस नव्हता असं नाही. इलारियोन होता. इलारियोन म्हणजे ओपासोंचा धर्मपुत्र, त्यांनीच त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेलं, आणि आपल्याकडे एकदा असं घेतलं की त्या मुलाला नोकरीला चिकटवणं ओघानंच येतं. तसा तो कारकुनाच्या खुर्चीला चिकटला होता. चिकटला म्हणायचं एवढंच, कारण तो दिवसभर बिलियर्डच्या टेबलाशी असायचा. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेली असावी.

मग नोटरीच्या वह्या सेल्मिरा लिहू लागली. मागच्या खोलीत, पडदा ओढून. मुद्रांकाच्या कागदावर एक शब्द चुकला तर सगळा कागद वाया, म्हणून श्वास रोखून लिहायचं. ओळ अर्धी राहिली तर उरलेली जागा रेघ ओढून भरायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू नये, असा त्या कामाचा नियम. सगळे साधी रेघ ओढतात. सेल्मिरा रेघेच्या टोकाला तीन बारीक वेटोळी काढायची. एवढीच तिची हौस. पाच वर्षं गावातली घरं, द्राक्षमळे, हुंडे, वाटण्या, सगळं तिच्या हातून वहीत उतरलं आणि सगळं लिहिलं ते इलारियोननं, असं गाव समजून होतं. ओपासो दुपारी झोपत तेव्हा तिला त्यांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं वाचायची मुभा होती. हाच तिचा मोबदला. ती त्याबद्दल त्यांचे उपकार मानायची, राजधानीतून दर नाताळला त्यांना पत्र लिहायची. पुढे हे उपकार आठवले की तिला स्वतःचाच संताप यायचा.

ती सतरा वर्षांची असताना एक दिवस निकोलासाबाई नोटरीकडे आली. निकोलासाबाई पाव भाजायची. अख्ख्या गावाला तिच्या मातीच्या भट्टीतला पाव लागायचा. तिनं चर्चच्या पायरीवर सापडलेलं एक मूल वाढवलं होतं, लेओंतिना नावाचं. स्वतःचं मूलबाळ नाही, नवरा नाही. माझं घर, भट्टी आणि अंगणातली दोन अंजिराची झाडं लेओंतिनाला, असं मृत्युपत्र तिला करायचं होतं. पडद्यामागून सेल्मिराला बाहेर बोलावलं गेलं. बाईनं सांगितलं तसं तिनं लिहिलं, ओपासोंनी वाचून दाखवलं. मग तीन साक्षीदार हवे होते. न्हावी हजर होता, खोगीर शिवणारा हजर होता. तिसरा मिळेना.

निकोलासाबाई म्हणाली, "ही पोर आहे की. तिनंच तर सगळं लिहिलंय. करू दे तिला सही."

ओपासो हसले. "बाई, मृत्युपत्राला बाईमाणसाची साक्ष चालत नाही. कायद्यात वेडा, आंधळा, बहिरा आणि बाई एका रांगेत आहेत."

हे खरं होतं, आणि ती वकील झाली तेव्हाही खरंच होतं. त्यांनी इलारियोनला बोलावणं पाठवलं. तो आला तो हातात बिलियर्डची काठी घेऊनच. काठी भिंतीला टेकवली, ओपासोंनी पुन्हा वाचून दाखवलेलं जांभया देत ऐकलं, सही केली आणि आपला डाव संपवायला परत गेला. सेल्मिरानं शेवटच्या ओळीची उरलेली जागा भरली, रेघ ओढली, तीन वेटोळी काढली. तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

नऊ वर्षांनी, सेल्मिरा वकील होऊन आली त्याच उन्हाळ्यात, निकोलासाबाई गेली. नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच तिच्या पुतण्यानं दावा ठोकला. त्याचं दुकान भट्टीच्या भिंतीला लागून होतं आणि त्याला ते अंगण गोदामासाठी हवं होतं. पुतण्याकडून उभे राहिले गाहार्दो. त्यांचं म्हणणं सोपं होतं. नोटरीकडे लिहिणारा कारकून त्याच नोटरीपुढच्या मृत्युपत्राला साक्षीदार होऊ शकत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. इलारियोन नोटरीचा कारकून, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तिसरा साक्षीदार बाद, म्हणजे मृत्युपत्र बाद, म्हणजे सगळं पुतण्याचं.

लेओंतिना सहा वकिलांकडे जाऊन आली. सहाही जणांनी मान हलवली. सातवे समोरच्या बाजूला होते. मग ती खानावळीच्या मागच्या दाराशी आली. हातात कापडात गुंडाळलेला पाव, कपाळावर पीठ. म्हणाली, की सगळे सांगतात माझा दावा मेलेला आहे, तुम्हीही तेच सांगणार असाल तर आत्ताच सांगा, मला भट्टी पेटवायची आहे.

सेल्मिरानं तिच्या हातातला पाव घेतला. तिला बिलियर्डची काठी आठवली. हे मृत्युपत्र वाचवायला एकच रस्ता आहे, हे तिला लेओंतिनाचं बोलणं संपायच्या आतच कळलं होतं. इलारियोननं नोटरीकडे कधी एक ओळही लिहिली नाही, लिहिणारा हात दुसरा होता, हे कोर्टात सिद्ध करायचं. म्हणजे भर कोर्टात सांगायचं, की तो हात माझा. मग ओपासोंची अब्रू जाणार, खानावळीचं टेबल रिकामं होणार, आणि ज्यांची खतं त्या वह्यांत आहेत ते सगळे घाबरून तिलाच शिव्या घालणार. लेओंतिनाला तिनं एवढंच सांगितलं, की भट्टी पेटव.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. सुनावणीच्या आदल्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर ओपासो खानावळीत आले आणि नेहमीच्या जागी बसले. वय झालं होतं त्यांचं. त्यांनी आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, की मी तुला लेकीसारखं मानलं. नंतर म्हणाले, की जिल्ह्याच्या कोर्टात माझी चांगली ओळख आहे, तुला कामं मिळवून देतो.

"पोरी, मी तुला पुस्तकं दिली," ते शेवटी म्हणाले. "माझ्या पुस्तकांवर तू वकील झालीस. कुणी दिली असती दुसऱ्यानं?"

"तुम्ही झोपलेले असताना वाचली मी ती," सेल्मिरा म्हणाली. "आणि तुम्ही जागे असताना तुमचं काम केलं. पाच वर्षं. तुमच्या वहीत माझं नाव एकदा तरी लिहिलंत का?"

"तुझ्याच भल्यासाठी. मुलीच्या जातीला कोर्टाच्या कागदांत..."

त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. सेल्मिराचा हात टेबलावर आपटला नव्हता, आवाजही चढला नव्हता, पण तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. हा माणूस वाईट नव्हता, हेच तिला सहन होत नव्हतं. वाईट असता तर चौदा वर्षांच्या पोरीनं तरी त्याला ओळखलं असतं. त्यानं गोड बोलून, डोक्यावरून हात फिरवून तिची पाच वर्षं खाल्ली, आणि वर तिच्याकडून आभारही घेतले.

ट्रान्सितोबाई इतका वेळ चुलीपाशी उभी होती. ती आली, ओपासोंच्या पुढ्यातली रश्शाची वाटी उचलली आणि आत घेऊन गेली. आतूनच म्हणाली, "साहेब, उद्यापासून तुमची जेवणाची सोय दुसरीकडे बघा." एवढंच. तेवीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

सोमवारी कोर्टाच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. एव्हाना थंडी पडली होती आणि न्यायाधीश प्राक्सेदेस उर्सुआ शेगडी पायाशी घेऊन बसले होते. गाहार्दोंनी सुरुवातीलाच जुन्या स्पॅनिश कायद्याचा दाखला काढला. बाई वाद घालायला लागली की तिचा ताव वाढतो आणि तिला लाज राहत नाही, म्हणून तिनं दुसऱ्यासाठी कोर्टात बोलू नये, असं सहाशे वर्षांपूर्वीच शहाण्या माणसांनी लिहून ठेवलंय, असं ते म्हणाले. लोक हसले. न्यायाधीशांनी हसू मिशीत दाबलं. ती सनद घेतलेली वकील आहे, तेव्हा हा मुद्दा इथे चालणार नाही, असं म्हणायला त्यांचं काय जात होतं? ते काहीच म्हणाले नाहीत.

ओपासोंची साक्ष झाली. इलारियोन आमचा कारकून, वह्या त्यानंच लिहिल्या, असं ते खाली बघून म्हणाले. इलारियोननंही हो म्हटलं. लेओंतिना मागच्या बाकावर बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

सेल्मिरा उठली. तिनं न्यायाधीशांना विनंती केली, की १८९० सालची वही टेबलावर उघडावी, आणि इलारियोनला आणि तिला, दोघांनाही एकेक कोरा कागद द्यावा. न्यायाधीशांनी मजकूर सांगावा, दोघं लिहितील.

गाहार्दो उसळून उठले. वकिलाला स्वतःच्याच दाव्यात साक्ष देता येत नाही, म्हणाले.

"मी साक्ष देत नाहीये," सेल्मिरा म्हणाली. "साक्ष तर मला त्या दिवशीही देऊ दिली नव्हती. मी अक्षर देतेय. ते साहेबांनी डोळ्यांनी बघावं."

खोलीत कुणी हसलं नाही. उर्सुआंनी क्षणभर विचार केला आणि वहीतलीच चार वाक्यं दोघांना सांगितली. इलारियोननं टाक हातात धरला तो बिलियर्डच्या काठीसारखा. दुसऱ्या ओळीत डाग पडला, तिसऱ्या ओळीत तो थांबला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची कीव यावी अशी त्याची दशा होती, पण सेल्मिराला त्या दिवशी कीव करायला सवड नव्हती. ती सरळ लिहीत गेली. मजकूर संपला, अर्धी ओळ उरली. हात आपोआप पुढे गेला, रेघ ओढली आणि टोकाला तीन वेटोळी काढली.

उर्सुआंनी कागद वहीशेजारी ठेवला. वहीची पानं उलटली, एक, दोन, दहा, वीस. पानापानावर तीच वेटोळी. मग त्यांचा हात एका पानावर थांबला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे तर माझ्या घराचं खत," ते म्हणाले.

"तेही मीच लिहिलंय. तुम्ही तेव्हा आमच्याकडे जेवून गेला होतात. दोनदा रस्सा घेतला होतात."

गाहार्दोंनी शेवटचा हात मारून पाहिला. वही परक्या पोरीनं लिहिली असेल तर ती वहीच खोटी, म्हणून मृत्युपत्रही खोटं, असं ते म्हणाले. सेल्मिरानं विचारलं, की मृत्युपत्र कुणाच्या हातानं लिहिलेलं असावं, हे कायद्यात कुठे लिहिलंय ते कलम दाखवा. नोटरीनं ते मोठ्यानं वाचलं पाहिजे, साक्षीदारांनी ऐकलं पाहिजे आणि सह्या केल्या पाहिजेत. ते सगळं झालं होतं. आणि वही खोटीच ठरवायची असेल, तर त्यात न्यायाधीशांचं घरही येतं. हे शेवटचं वाक्य ती बोलली नाही. तिनं फक्त त्या उघड्या पानाकडे बघितलं. उर्सुआंनीही बघितलं.

निकाल आठवड्याभरानं आला. मृत्युपत्र कायम. घर, भट्टी आणि अंजिराची दोन्ही झाडं लेओंतिनाची. ओपासोंना वरच्या कोर्टाकडून ताकीद आली, जागा मात्र टिकली. खानावळीचं टेबल महिनाभर अर्धं रिकामं राहिलं आणि मग पोटं आपापल्या वाटेनं परत आली. रस्सा ट्रान्सितोबाईचाच चांगला होता, त्याला कोण काय करणार. ओपासो मात्र आले नाहीत.

पण सेल्मिराचा राग निकालानं उतरला नाही, उलट चढला. कारण तिनं निकाल वाचला. त्यात लिहिलं होतं, की सदर वह्या नोटरीच्या कार्यालयातील नोकरदार नव्हे अशा एका घरगुती मुलीने लिहिल्या असल्याचे दिसून येते, सबब तिसरा साक्षीदार पात्र आहे. घरगुती मुलगी. आणि वर, दोन्ही पक्षांच्या वकिलांत गाहार्दोंचं नाव पूर्ण, आईच्या आडनावासकट. दुसऱ्या बाजूला नुसतं, प्रतिवादीचा प्रतिनिधी. ती दावा जिंकली होती आणि त्या निकालात ती कुठेच नव्हती. पुन्हा.

ती तडक उर्सुआंच्या खोलीत गेली. ते हातात माते, म्हणजे नळीनं ओढायचा कडू चहा, घेऊन चुरूचुरू ओढत बसले होते. तिनं कागद पुढे ठेवला आणि दोन जागा बोटानं दाखवल्या. इथे माझं नाव हवं, म्हणाली, आणि इथेही.

उर्सुआंनी कागद पाहिला. ते ओशाळले, असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला, एखादी छान युक्ती सुचल्यासारखा.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "दुरुस्त करून नवी पक्की प्रत काढायला हवी. आमच्या कारकुनाला ताप आहे, हा तात्पुरता आणलाय. तुमचं अक्षर इतकं सुरेख आहे, तुम्हीच का नाही लिहून टाकत? तुमचं नाव तुम्हाला हवं तिथे घाला. मी सही करतो."

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मनापासून म्हणाले ते. सेल्मिरानं त्या तात्पुरत्या कारकुनाकडे पाहिलं. टेबलाशी मान खाली घालून बसलेला तो इलारियोन होता. ओपासोंनी त्याला काढल्यावर कोर्टानं त्याला लगेच सामावून घेतलं होतं. कुणाचा ना कुणाचा धर्मपुत्र असला की खुर्च्या आपोआप सापडतात.

"नाही," सेल्मिरा म्हणाली. "माझं नाव तुमचा माणूस लिहील. मी इथे उभी आहे."

ती खरंच उभी राहिली. टोपी तिनं न्यायाधीशांच्या खुंटीवर, त्यांच्या टोपीच्या वरच अडकवली, आणि टेबलाच्या कडेला हात ठेवून सबंध दुपार उभी राहिली. इलारियोननं मुद्रांकाचे चार कागद वाया घालवले. पाचव्यावर, शाईचे डाग पाडत, जीभ दातांत धरून, त्यानं लिहिलं: प्रतिवादीतर्फे वकील सेल्मिरा ओयार्से. आणि खाली पुन्हा: सदर वह्या सेल्मिरा ओयार्से यांनी लिहिल्या. अर्धी ओळ उरली. तो उठायला लागला.

"बस खाली," ती म्हणाली. "जागा मोकळी सोडायची नाही. रेघ ओढ."

त्यानं रेघ ओढली. वाकडीच आली.